देवाला दाखवलेलं पाकीट

"थांबा, आधी देवाला दाखवते," असं म्हणत कापगते सिस्टर पाकीट घेऊन ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या. खाटेवर दसरू उइके हिरड्यांतून येणारं रक्त पंच्याने पुसत बसला होता. त्याची बायको सुगरता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि टक लावून माझ्याकडे बघत होती.

"डॉक्टरीणबाई, इंजेक्शन कवा देता जी?"

"मी डॉक्टर नाही, बाई. सिस्टर आत्ता येतील."

मी खरंच डॉक्टर नव्हते. मी संख्याशास्त्र शिकलेली. भाताच्या त्या मुलखात, जंगलाच्या कडेला असलेल्या एका संस्थेच्या दवाखान्यात माझं काम काय, हे माझ्या नागपूरच्या आईलाही कधी नीट सांगता आलं नाही. दवाखान्यातल्या लोकांनी तो प्रश्न परस्पर सोडवला होता. ते मला "आकडेवाल्या मॅडम" म्हणत, आणि मी जवळून गेले की उगीचच कागदपत्रं आवरायला लागत.

सिस्टर बाहेर आल्या. पाकीट फोडलेलं होतं. आतली चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर धरली. "पूर्ण," त्या म्हणाल्या, आणि हात भराभर चालवायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होतं ते मला आवडलं होतं. वाटलं, बाई श्रद्धाळू आहे, पण कामाला चोख आहे.

आता या पाकिटांबद्दल सांगायला हवं. भाताची रोवणी सुरू झाली की बायाबापड्या दिवसभर चिखलात आणि धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर असतात, आणि घोणसही तिथेच असते. घोणस चावली की माणसाचं रक्त गोठेनासं होतं. काचेच्या कोऱ्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवायचं आणि मग नळी तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष अंगात भिनलं असं समजायचं. त्यावर प्रतिविष हेच औषध, आणि ते दर पावसाळ्यात संपायचं. आमचे मुख्य डॉक्टर मुकुंद लांजेवार यांच्या मनात आलं की नेहमीच्या डोसाऐवजी निम्म्या डोसानेही भागत असेल, तर तेवढ्याच औषधात दुप्पट माणसं वाचतील. तसं भागतं का, हे तपासायला त्यांनी अभ्यास मांडला आणि मला बोलावून घेतलं.

कोणाला पूर्ण डोस द्यायचा आणि कोणाला अर्धा, हे डॉक्टरने ठरवायचं नाही, नर्सने तर नाहीच. ते मी आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं होतं. एकेक चिठ्ठी बंद पाकिटात, पाकिटांवर ओळीने क्रमांक. रुग्ण आला की पुढचं पाकीट फोडायचं आणि जे निघेल ते द्यायचं. जाड खाकी पाकिटं मी मागितली होती. लांजेवार सर म्हणाले, दवाखान्याची पांढरी पाकिटं खोकी भरून पडली आहेत, तीच घ्या.

सिस्टरांची सवय दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. ड्रेसिंगच्या खोलीत देवीची तसबीर होती. ती एक्स-रे बघायच्या डब्याच्या वर टांगलेली होती, कारण त्या भिंतीत तेवढा एकच खिळा टिकत होता. सिस्टर प्रत्येक पाकीट आत नेत, देवीला दाखवत आणि मगच फोडत. अभ्यासाच्या नियमांत देवाला मनाई नव्हती. मी एकदा थट्टेनं म्हटलंही, "सिस्टर, देवीनं बाजू घेतली तर माझं सगळं गणित बोंबलेल हं." त्या हसल्या नाहीत.

दसरू वाचला. पुढे दर पावसाळ्यात तो कोवळे वास्ते घेऊन यायचा, बांबूचे कोंब, स्वच्छ सोललेले, आणि सिस्टरांच्या टेबलावर ठेवायचा. ज्याला त्याला सांगायचा, "सिस्टरनं माहं पाकीट देवाले दाखवलं, म्हून मी हाये."

दोन पावसाळे अभ्यास चालला. प्रत्येक गटात सत्तर माणसं झाली आणि लांजेवार सरांनी बैठक बोलावली. सर, त्यांचे दोन सहायक डॉक्टर, मी आणि वॉर्डच्या प्रमुख म्हणून कापगते सिस्टर. चहा द्यायचं काम नेहमीप्रमाणे त्यांनीच अंगावर घेतलं होतं.

"पूर्ण डोसात सत्तरांपैकी नऊ गेले," सर म्हणाले. "अर्ध्यात दहा. खेडकर मॅडम, तुमची चाचणी काय म्हणते?"

"चाचणी म्हणते, दोन्ही डोस अगदी सारखे असते तरीसुद्धा एवढा किंवा याहून मोठा फरक दहातून आठ वेळा निव्वळ योगायोगानं दिसला असता."

"म्हणजे फरक नाही."

"म्हणजे फरक दिसला नाही, सर. चष्मा न लावता अंगणात बघून साप नाही म्हणण्यातला हा प्रकार आहे. एकशेचाळीस माणसांत एवढंच दिसतं."

"मग काय दिसतं ते तरी सांगा!"

आमच्या शास्त्रात त्याला विश्वास-अंतराल म्हणतात. मी साध्या भाषेत पट्टा म्हणायचे. खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल, याचा पट्टा. "अर्ध्या डोसामुळे शंभरामागे दहा मृत्यू कमी होत असतील," मी म्हटलं, "किंवा तेरा जास्त होत असतील, किंवा मधलं काहीही. आपल्याला एवढंच कळलंय."

"शून्य बसतं ना त्या पट्ट्यात?"

"बसतं. पण शून्य बसतं म्हणजे शून्यच आहे असं नाही. तेराही बसतात."

सर खुर्चीत मागे टेकले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी तेव्हाही जाणत होते. काही वर्षांपूर्वी एका मुलीला ते स्वतःच्या जीपमधून आणत होते. दवाखाना दिसायला लागला होता आणि ती त्यांच्या मांडीवर गेली. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की औषध गावाजवळ पाहिजे. संस्थेचे सहा छोटे दवाखाने आत जंगलात होते. डोस निम्मा झाला तर त्या सहांत साठा ठेवता येणार होता.

"भरतीच्या वेळी कोण किती सिरियस होतं, ते तक्ते अजून संगणकात चढायचे आहेत," मी म्हटलं. "तेवढं होऊ द्या. महिनाभर थांबा."

"रोवणी थांबेल का तुमच्यासाठी?" सर म्हणाले. "औषधाची मागणी या आठवड्यात जायला हवी. आणि त्या मुलीला मी काय सांगू, पट्टा रुंद होता म्हणून थांबलो?"

मग कपबशा गोळा करता करता सिस्टरांनी विचारलं, "म्हणजे आता पाकिटं बंद का, सर?"

"बंद. आता सगळ्यांना अर्धा डोस."

"आणि जो फारच सिरियस असंल त्याला?"

"सिस्टर, सिरियस लोकही होतेच की अभ्यासात. दोन्हींकडे होते. म्हणून तर चिठ्ठ्या टाकल्या."

सिस्टर काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण त्या ट्रे उचलून निघून गेल्या.

मी भांडून भांडून अहवालात तो पट्टा छापायला लावला. तो छापला गेला, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत. पहिल्या पानावर ठळक ओळ होती: दोन्ही डोसांत फरक आढळला नाही. सहाही दवाखान्यांत तीच ओळ पोचली. वर्षाची मागणीही त्याच हिशोबाने गेली.

तिसऱ्या पावसाळ्यात, रोवणी ऐन भरात असताना, दसरू आला तो बैलगाडीतून. या वेळी गाडीत सुगरता होती. धुऱ्यावर रोपांची पेंढी उचलताना पायाला चावलं होतं. पाय मांडीपर्यंत सुजला होता, आणि दसरूचा तोच पंचा तिच्या तोंडाशी रक्ताने भिजला होता.

मी वॉर्डातच होते. सिस्टरांनी नळीत रक्त घेतलं, अर्धा डोस लावला, सहा तासांनी पुन्हा रक्त घेतलं. नळी तिरपी केली. रक्त वाहिलं. त्यांनी ती नळी बराच वेळ तशीच तिरपी धरून ठेवली, सरळ करायची राहून गेल्यासारखी.

"अजून देऊ या ना," त्या सहायक डॉक्टरांना म्हणाल्या.

"दिला ना डोस, सिस्टर. आता वाट बघायची. आपल्याकडे शिल्लक किती आहे, माहीत आहे ना? खाली अजून दोघं आलेत."

तिसऱ्या दिवशी सकाळी सुगरता गेली. लघवी बंद झाली, मग श्वास लागला, मग संपलं. तिला चादरीत गुंडाळताना दसरू भिंतीशी उभा होता. तो रडत नव्हता. त्याने फक्त विचारलं, आणि विचारलं तेही अगदी अदबीने, एखादी गोष्ट आपल्याला माहीत नसेल असं समजून.

"सिस्टर, यंदा देवाले नाई दाखवलं का जी?"

कापगते सिस्टर चादरीची टोकं खोचत राहिल्या.

दुपारी त्या माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"मॅडम, अर्धा पुरत नाही."

"कशावरून म्हणता?"

"दोन वर्षं पाहते मी. जे सिरियस असतात त्यांना नाही पुरत."

"आकडे तर तसं म्हणत नाहीत, सिस्टर."

"आकडे कसे म्हणतील?" त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून: "तिथं देव नव्हता, मॅडम. दिवा होता."

मला काही कळेना. त्या मला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेल्या. कपाटातून उरलेलं एक बंद पाकीट काढलं, माझ्याच अक्षरात क्रमांक घातलेलं. एक्स-रे बघायच्या डब्याचं बटण दाबलं. काच पांढरी उजळली. सिस्टरांनी पाकीट काचेवर टेकवलं. पातळ कागदातून आतली चिठ्ठी स्वच्छ दिसली. माझंच अक्षर, उलटं, पण वाचता येईल असं. अर्धा.

देवी वरून आमच्याकडे बघत होती.

"प्रत्येक वेळी?" मी विचारलं.

"नाही. जो सिरियस असंल त्याच्यासाठीच. अर्धा निघाला तर ते पाकीट बाजूला ठेवायची अन् पुढचं घ्यायची. बाजूला ठेवलेलं मग साध्या रुग्णाला. साधे लोक वाचतातच अर्ध्यात." त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या. लाज नव्हती त्यात, उलट थोडा ताठाच होता. "ज्याला जास्त लागतं त्याला जास्त द्यायचं. घरी जेवायला वाढताना कोणती माय चिठ्ठ्या टाकते, मॅडम?"

"पण नेहमीच जमत नसेल."

"नाही जमायचं. दोन्ही पाकिटं अर्धी निघायची कधी. कधी डॉक्टर बाजूला उभे असायचे. तेवढे गेले." "दसरूचं पण पहिलं अर्धं होतं. मी बदललं. तो जिवंत आहे, मॅडम. मी केलं म्हणून जिवंत आहे."

मला भयंकर राग आला होता. मला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला दसरू दिसत होता, वास्ते सोलून आणणारा, आणि त्या रागाचं काय करावं ते कळत नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी खोलीतून जवळजवळ बाहेर पडले नाही. भरतीच्या वेळचे तक्ते एकेक करून संगणकात घातले. पूर्ण डोसाच्या सत्तरांत आले तेव्हाच अत्यवस्थ असलेले एकतीस होते. अर्ध्या डोसाच्या सत्तरांत फक्त चौदा. चिठ्ठ्या नीट पडल्या असत्या तर अशी तफावत हजारात जेमतेम दोनदा दिसते. मृत्यूंच्या बाबतीत ज्या चाचणीला काही सापडलं नव्हतं, तिला इथे लगेच सापडलं. पाकिटात काय आहे हे सापाला कुठून कळणार? कोणीतरी बघितल्याशिवाय असं होत नाही, हे मला सिस्टरांनी सांगितलं नसतं तरी दिसलं असतं. फक्त ते तक्ते वर्षभर कपाटात पडून राहिले होते.

मग मी अत्यवस्थ रुग्ण वेगळे काढले. त्यांच्यात पूर्ण डोस मिळालेल्या एकतिसांपैकी आठ गेले होते. अर्धा मिळालेल्या चौदांपैकी सात. म्हणजे निम्मे.

मी सिस्टरांना घेऊन लांजेवार सरांकडे गेले. सिस्टरांनी सगळं सांगितलं, पाकीट, दिवा, बदलाबदली. सरांनी मध्येच तोडलं नाही. ऐकून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"मग याचा अर्थ काय लावायचा?"

"शंकरपटात दोन जोड्या पळतात," मी म्हटलं. सर स्वतः बैलांच्या या शर्यतींचे शौकीन होते, हिवाळ्यात कुठलाही पट चुकवत नसत. "एका जोडीच्या छकड्यावर धोंडे भरले आणि दुसऱ्या जोडीचा छकडा रिकामा सोडला. दोन्ही बरोबरच पोचल्या. बघणारे म्हणाले, जोड्या सारख्याच दमाच्या आहेत."

सर लगेच समजले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टरांना वेळ लागला. त्या माझ्याकडे, मग सरांकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या. "धोंडे म्हणजे सिरियस रुग्ण," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी ते सगळे पूर्ण डोसाकडे दिले."

"हो."

"म्हणून पूर्ण डोस जिंकला नाही. बरोबरीत आला."

"हो, सिस्टर."

"अन् बरोबरीत आला म्हणून सगळ्यांना अर्धा झाला." त्यांचा हात टेबलाची कड चाचपडत होता. "म्हणजे अर्ध्यानं मरतात म्हणून मी बदललं, अन् मी बदललं म्हणून..."



सरांनी त्यांना रागावलं असतं तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी सहाही दवाखान्यांना फोन लावला आणि आजपासून पूर्ण डोस असं सांगितलं. पलीकडून प्रत्येक जण एकच गोष्ट विचारत होता, ती मला टेबलाच्या अलीकडेही ऐकू येत होती. औषध कुठून आणायचं? वर्षभराची मागणी निम्म्या डोसाच्या हिशोबाने गेली होती, आणि पुरवठादाराकडे पावसाळ्याच्या मध्यात शिल्लक नव्हती. सर म्हणाले, बघतो, करतो. शेवटच्या फोननंतर त्यांनी रिसीव्हर ठेवला तो नीट बसला नाही आणि कितीतरी वेळ त्यातून बारीक आवाज येत राहिला.

सर नागपूरला गेले, रायपूरला गेले, ओळखीच्या प्रत्येक डॉक्टरच्या दारात उभे राहिले. थोड्या कुप्या मिळाल्या. त्या कधी इथे, कधी तिथे पळवत आम्ही तो पावसाळा काढला. पण बऱ्याच जणांना, आता आम्हाला कळलेलं असूनही, अर्धाच मिळाला. आधीच्या दोन वर्षांत निदान आकडे माहीत नव्हते. आता सिस्टर अर्ध्या डोसाची सुई टोचत तेव्हा त्यांना पूर्ण माहिती असायची. त्यांनी एकही दिवस सुट्टी घेतली नाही. देवीची तसबीर मात्र त्या खिळ्यावर दिसेनाशी झाली. कुठे नेली ते मी विचारलं नाही.

सरांनी अहवाल मागे घेतला. कशामुळे, तेही लिहून कळवलं. त्यात सिस्टरांचं नाव घातलं नाही. पाकिटं पातळ होती आणि ती निवड स्वतःची होती, एवढंच त्यांनी लिहिलं.

धान निघालं, मळण्या सुरू झाल्या. सापाचा शेवटचा रुग्ण घरी गेला त्याच आठवड्यात एका दुपारी कापगते सिस्टर माझ्याकडे आल्या. या वेळी आत आल्या आणि न विचारता खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"मॅडम, मला आकडा पाहिजे."

कसला ते मला कळलं. तरी मी विचारलं.

"माझ्यामुळं किती गेले तो."

"तुमच्यामुळे असं नाही म्हणता यायचं, सिस्टर. पाकिटं पातळ होती. सरांनी घाई केली. तक्ते..."

"ते ज्याचं तो पाहील. माझं सांगा."

आकडा मी काढलेला होता. कोणी विचारलं नव्हतं तरी काढला होता. माझी जातच तशी. त्या पावसाळ्यात सातही ठिकाणी मिळून तेहतीस अत्यवस्थ रुग्णांना अर्धा डोस मिळाला होता. पूर्ण मिळाला असता तर त्यांच्यातले किती जगले असते, याचा माझ्याकडे अंदाज होता आणि अंदाजाभोवती पट्टा होता.

"नक्की आकडा नाही सांगता येत," मी म्हटलं. "आठाच्या आसपास. पण पट्टा फार रुंद आहे. दोन कमी इथपासून अठरा जास्त इथपर्यंत."

"दोन कमी म्हणजे?"

"म्हणजे अर्ध्या डोसामुळे दोघं जास्तच वाचले असतील, अशीही शक्यता उरते. थोडी, पण उरते." आणि मग मी पुढे वाकून म्हटलं, "शून्य बसतं त्यात, सिस्टर. कोणीच गेलं नसेल तुमच्यामुळे, असंही असू शकतं. शून्य बसतं."

मी हे ज्या घाईने म्हटलं ती घाई माझ्या ओळखीची होती. ती लांजेवार सरांची होती, त्या बैठकीतली.

सिस्टरांनी मान हलवली, समजल्यासारखी. खिडकीबाहेर कोणीतरी उपणत होतं, भुसा हवेत उडत होता. त्या तिकडे बघत म्हणाल्या, "मी चहा देत होती त्या दिवशी. तुम्ही सरांना म्हणाले होते. शून्य बसतं म्हणजे शून्यच आहे असं नाही."

मी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"अठरा बसतात?"

"बसतात."

"अन् सुगरता? ती आहे का त्यांच्यात?"

"ते नाही कळत," मी म्हटलं. "गणित किती ते सांगतं. कोण, ते कुठलंच गणित सांगत नाही. ती पूर्ण डोसातही गेली असती कदाचित. हे कोणालाच कधी कळणार नाही, सिस्टर."

"दसरूला कळलंय," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली. वॉर्डातून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. त्या गेल्या.

पुढच्या रोवणीच्या आधी मी तो दवाखाना सोडला. निघायच्या दिवशी मी वॉर्डात निरोप घ्यायला गेले, तेव्हा सिस्टर कोणा रुग्णाजवळ होत्या. त्यांच्या टेबलावर वास्ते ठेवलेले होते. कोवळे, स्वच्छ सोललेले. कोणी त्यांना हात लावला नव्हता.